बारावी कॅसेट उघडत नाही

दौलत तावड्याच्या हातात साधा टेबलफॅन दुरुस्तीला दिला तरी परत येताना तो खिडकीतून उडत येतो, असं लालबागेत म्हणत. म्हणणारा पहिला माणूस दौलतच होता. पण पुढे लोकांनीही ते उचललं, कारण त्याच्या दुकानातून कुठलीच वस्तू कंपनीने ठरवलेल्या वेगाने बाहेर पडत नसे. चिवडा गल्लीच्या मागच्या बोळात, जिन्याखाली, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. प्रोसेसरची कंपनी सांगे, चार पूर्णांक सात गिगाहर्ट्झवर चालवा. दौलत तो पाच पूर्णांक चारवर नेऊन बसवी आणि गिऱ्हाइकाला समजावी की कंपनीवाले भित्रे असतात, जगातल्या सगळ्यात आळशी माणसाच्या बेताने आकडा छापतात.

परळच्या एका पोराचं मशीन त्याने इतकं पळवलं, की ते पोर गेम सुरू करायच्या आत हरलेलं असे. दादरचा एक लग्नाचा फोटोवाला होता. त्याच्या मशीनला दौलतचा हात लागला आणि पुढच्याच लग्नात अंतरपाट धरलेला असताना वरातीपर्यंतचा व्हिडिओ तयार झाला. नवरीने बोहल्यावर उभ्या उभ्या स्वतःची पाठवणी बघितली, तिथेच रडून घेतलं, आणि खऱ्या पाठवणीला बिचारी कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसली. सासरचे अजून नावं ठेवतात.

हे वेड घरातलंच. दौलतचे वडील गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांच्या खात्यात जॉबर, कामगारांवरचे मुकादम. त्यांनी एकदा एका मागाची पुली बदलून तो असा पळवला, की धोटा खिडकीतून सुटला, रस्ता ओलांडून समोरच्या गिरणीतल्या मागावर जाऊन बसला आणि पाळी सुटेपर्यंत तिथेच विणत राहिला. समोरच्यांनी ते कापड परत दिलं नाही, एवढीच वडिलांची मरेपर्यंत तक्रार होती.

अशा माणसाकडे कमलकाकींनी एकशे श्याऐंशी कॅसेटी आणून दिल्या.

कमलकाकी म्हणजे गंगाधरबुवा परबांची बायको. दौलतच्या चाळीचं भजनी मंडळ दर शनिवारी संध्याकाळी बसे. एक्याऐंशी साली मस्कतहून आलेल्या कुणाच्यातरी भाच्याने मंडळाला टेपरेकॉर्डर दिला, आणि तेव्हापासून बऱ्याचशा शनिवारांचं भजन कॅसेटवर उतरत गेलं. आधी दुसरे बुवा होते. चौऱ्याऐंशीपासून पुढे गळा गंगाधरबुवांचा. त्यांनी वरचा षड्ज लावला की तळमजल्यावर उतू जाणारं दूध भांड्याच्या काठाशी थांबून ऐकत राही, हे दौलतने स्वतः पाहिलेलं होतं. लहानपणी तो त्यांच्या मागे झांज घेऊन बसे.

गेल्या श्रावणात बुवा गेले. फाल्गुनात चाळ पुनर्विकासाला गेली, माणसं विरार-बदलापूरपर्यंत पांगली, आणि कमलकाकी लेकीकडे, सीमाकडे, वडाळ्याला राहायला गेल्या. तिथे एका खोलीत चार माणसं आणि शिलाईचं मशीन. कॅसेटींच्या दोन ट्रंका ठेवायला जागा नव्हती, आणि कॅसेटींना बुरशीही धरायला लागली होती. दौलत आपणहून म्हणाला, मी सगळं मशीनमध्ये भरून देतो.

दोन महिने तो तेच करत होता. कॅसेट मात्र कॅसेटच्याच चालीने चालते, नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटं घेते, याचा त्याला फार त्रास झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कशाला तरी पळवता येत नव्हतं. शेवटची कॅसेट उतरली तेव्हा त्याने त्याचा वचपा काढला. सगळ्या कॅसेटींची मिळून एकच घट्ट बांधलेली फाइल करायची होती, म्हणजे जागा कमी लागते. दुसऱ्या मशीनने त्याला दिवस लावला असता, दौलतच्या पाच-चारवाल्याने चार तासांत गाठोडं बांधून दिलं. मग सुट्या फाइली त्याने जागा करायला पुसून टाकल्या, आणि त्या गाठोड्याच्या तीन प्रती केल्या. एक मशीनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक इंटरनेटवर.

राहिल्या कॅसेटी. प्रत्येकीच्या कागदावर बुवांनी आधी ‘श्री’ काढून मग तारीख लिहिली होती. देवाचं नाव असलेली वस्तू भंगारात घालायची नाही, हे चाळीत कुणाला सांगावं लागत नाही. चाळ रिकामी होताना निघालेले देवादिकांचे जुने फोटो, वाळवीने खाल्लेल्या पोथ्या आणि त्या दोन ट्रंका घेऊन चार माणसं दादर चौपाटीला गेली. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कमलकाकींनी विचारलं, “नक्की ना दौलत?”

“काकी, समुद्र आटेल, पण मशीनमधला बुवांचा आवाज जायचा नाही,” दौलत म्हणाला. काकींनी हात जोडले आणि ट्रंका पाण्यात उलट्या केल्या.

काकींनी त्यातलं काहीही ऐकायला मागितलं नव्हतं. वर्ष होईपर्यंत नको, त्या म्हणाल्या होत्या, आवाज ऐकला तर मी उठून दार उघडायला जाईन. वर्षश्राद्धाच्या रविवारी मंडळातली उरलीसुरली माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमणार होती, तेव्हा एकदा बुवांचं भजन सगळ्यांनी मिळून ऐकायचं. मला दुसरं काही नको, तेवढं एकदा ऐकव. एवढंच मागणं होतं.

त्या रविवारला दहा दिवस उरले असताना सीमाची मुलगी पूर्वी दुकानात आली. ती दादरला एका स्टुडिओत आवाजाचं काम करते. जुन्या टेपमधली खरखर काढायची तिची हत्यारं लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालत, आणि तिच्या लॅपटॉपला एवढं ओझं झेपत नव्हतं. दौलतच्या मशीनवर विंडोज होतं. त्याने एक रिकामी जुनी हार्डडिस्क लावली, तिच्यावर लिनक्स घातलं, आणि सुरू करताना वेड्यावाकड्या शंभर गोष्टी सांगितल्या. विसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

दौलत हसला. फुकट वाटतात ती सिस्टिम, म्हणाला, घशाखाली उतरायला वेळ लागतो. परत चालू केलं. दोघं नाक्यावर चहाला जाऊन आली तर परत काळा पडदा.

इथून पुढे मशीनचं जे सुरू झालं त्याला आजार म्हणावं की नखरा, ते ठरेना. विंडोजवर दौलतने प्रोसेसरच्या सगळ्या कोरांना, म्हणजे आतल्या राबणाऱ्या गड्यांना, घाण्याला जुंपणारी टेस्ट लावली. आठ तास. मशीन इतकं तापलं की बाजूच्या वडापाववाल्याने तेल गरम करायला कढई आणून देऊ का विचारलं. पण एक शिंक नाही, सगळं हिरवं. लिनक्सवर मात्र कधी वीस मिनिटांत मान टाकी, कधी दोन तासांनी.

“बघ,” दौलत म्हणाला, “मशीन ठणठणीत आहे. तुझं लिनक्स नाजूक आहे.”

“मामा, माझं कसं? तुम्हीच घातलंत.”

मग त्याने रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरने घासल्या. पॉवर सप्लाय बदलला. बोळाच्या तोंडाशी गणपतीच्या मंडपाचं सुतारकाम चाललं होतं, त्यांची विजेची करवत बाजूच्याच लाइनवर होती, म्हणून वीज दुसऱ्या खोलीतून ओढली. लिनक्स बदलून दुसऱ्या जातीचं घातलं, मग तिसऱ्या, मग चौथ्या. कचरा जुन्या डिस्कमध्ये असेल असा त्याला संशय आला, म्हणून दर वेळी नवं घालण्याआधी ती डिस्क तो पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत शून्यं लिहून धुऊन काढी. काम चोख करायची सवय. सहा दिवस असे गेले. दौलतची दाढी वाढली, आणि गिऱ्हाइकांना सांगायच्या त्याच्या गोष्टी आखूड होत चालल्या. एका माणसाला तर त्याने नुसतं ‘उद्या या’ म्हटलं. तो माणूस घाबरून बायकोला घेऊन आला, की दौलतला काही झालंय का बघ.

पूर्वीच्या लक्षात एक गोष्ट आली होती. मशीन काम करत असताना पडत नाही, ती म्हणाली. आपण चहाला गेलो की पडतं.

ते खरं होतं. विंडोजमध्ये दौलतने मशीनची झोपच तोडून ठेवली होती, काम असो नसो ते सतत धावतं. लिनक्स शहाण्या मुकादमासारखं, काम नसेल त्याला डुलकी काढू देणारं. डुलकीतून एकदम पाच-चारवर उडी मारायची वेळ आली की मशीनचा पाय चुके. दौलतने यावर नामी तोड काढली. एका कोरला नुसता फालतू आकडे मोजायला बसवला, म्हणजे मशीन झोपणारच नाही. त्या युक्तीवर ते अर्धा दिवस जगलं. पूर्वीने तेवढ्यात ते मोठं गाठोडं उघडायला घेतलं. अकरा कॅसेटी निघाल्या आणि बारावीवर संदेश आला, की आतला मजकूर बिघडलेला आहे.

दौलतने रागाने मशीन विंडोजवर आणलं आणि ते गाठोडं क्लिक केलं. एकशे श्याऐंशी नावं ओळीने पडद्यावर आली, तारखांसकट.

“मोज,” तो म्हणाला.

पूर्वीने मोजली. सगळी होती. दौलतला त्या दिवशी झोपेसारखी झोप लागली.

बुधवारी सकाळी ती आली ती थेट लिनक्सचा लॉग उघडून बसली. मशीन पडण्याआधी जे काही लिहून ठेवतं ते. तिने त्यातल्या ओळी दौलतला दाखवल्या. हार्डवेअर एरर. अमुक कोर. परत हार्डवेअर एरर.

“हे लिनक्स म्हणत नाही, मामा. प्रोसेसर स्वतः सांगतोय की मला झेपत नाही.”

“माझ्या हाताखाली अठरा वर्षं एकही प्रोसेसर असं बोललेला नाही.”

“कुणी विचारलं होतं?”

रविवार चार दिवसांवर होता. ती म्हणत होती ते अगदी साधं होतं. बायोसमध्ये, मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, जायचं आणि सगळं कंपनीने दिलं तसं परत करायचं, एका कळीचं काम. पण ती कळ दौलतने कधी दाबलेली नव्हती, स्वतःच्या मशीनवर तर नाहीच. त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, म्हणजे बोळातल्या कुणाला दिसू नये, आणि पाच पूर्णांक चारचे चार पूर्णांक सात केले.

लिनक्स चालू झालं आणि चालू राहिलं. ते चहाला गेले, आले, तरी चालू. दुपारी दौलत जेवून आला. संध्याकाळचे सहा वाजले. पंख्याचा आवाज इतका कमी झाला होता की मशीन बंद पडलंय समजून त्याने दोनदा हात लावून बघितलं. अपमान तर वाटत होताच, पण खाली कुठेतरी त्याला हलकंही वाटत होतं. झालं एकदाचं. आता गाठोडं उघडायचं, पूर्वी खरखर काढेल, रविवारी बुवा गातील.

गाठोडं उघडलं. एक, दोन, तीन. अकरा. बारावीवर तोच संदेश.

पूर्वीने पेन ड्राइव्हवरची प्रत लावली. बारावी. इंटरनेटवरची प्रत उतरवून घेतली. तीही बारावीलाच थांबली. विंडोजवर जाऊन, नुसती यादी न बघता, खरोखर उघडून बघितलं. तिथेही तेच. दौलत तिच्या मागे उभा राहून बघत होता आणि त्याला एकदम काहीतरी ऐकू यायचं बंद झाल्यासारखं झालं. मंडपातले सुतार ठोकत होते ते दिसत होते.

“मामा,” पूर्वीने हळू विचारलं, “हे बांधलंत तेव्हा मशीन कितीवर होतं?”

कितीवर असणार.

मग तिने विंडोजचा स्वतःचा लॉग काढला. असा लॉग असतो हे दौलतला माहीत होतं, पण मशीन धडधाकट चालत असताना तो बघायचा कशाला. आत तशाच ओळी होत्या, हजारोंनी, वर्षभराच्या. ज्या दिवशी चार तासांत गाठोडं बांधून झालं, त्या एका दिवसाच्याच दोनशे सत्तर. विंडोजनेही सगळं लिहून ठेवलं होतं. ते पडलं नव्हतं, एवढंच. चुकलेला आकडा घेऊन ते तसंच पुढे बांधत गेलं. आणि घट्ट बांधायचं म्हणजे प्रत्येक कॅसेट आधीच्या कॅसेटीच्या आधाराने बांधलेली असते. बाराव्या कॅसेटीत कुठेतरी एक आकडा चुकला, आणि पुढच्या एकशे चौऱ्याहत्तर कॅसेटी त्या चुकीवर उभ्या राहिल्या. वरची नावं वेगळी लिहिलेली असतात, म्हणून ती शाबूत. तीन प्रती होत्या त्या एकाच मोडक्या गाठोड्याच्या.

साचेखात्यात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. थांबणाऱ्या मागाला एखाद्या नवख्याने शिवी दिली तर दौलतचे वडील त्याला मागावरून उठवत. तुटका धागा घेऊन विणत राहणारा माग त्यांनी कधीच ठेवून घेतला नसता. दौलतला हे आठवलं, आणि गेले सहा दिवस आपण कुणाला शिव्या देत होतो तेही आठवलं.

एक जागा उरली होती. पुसलेल्या फाइली डिस्कवरून खरोखर जात नाहीत, वरून दुसरं काही लिहीपर्यंत तिथेच पडून असतात. गिऱ्हाइकांच्या किती पुसलेल्या लग्नांचे फोटो दौलतने असे परत आणून दिले होते. बुवांच्या सुट्या फाइली ज्या डिस्कवर होत्या ती...

ती म्हणजे तीच जुनी डिस्क होती. रिकामी म्हणून त्याने लिनक्सला दिलेली.

तरीही तो दोन दिवस ती खरवडत बसला. निघाली नुसती शून्यं. तीन वेळा धुतलेल्या डिस्कवर शून्यांशिवाय काय असणार. समुद्रातून कॅसेटी परत येण्याचा संभव त्यापेक्षा जास्त होता, आणि शुक्रवारी दुपारी तो खरंच दादर चौपाटीला जाऊन आला. कशाला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. भरती होती. पाण्यात पाय घालून थोडा वेळ उभा राहिला आणि चपला हातात घेऊन परतला.

पूर्वी म्हणाली, मी आजीला सांगते. दौलत म्हणाला, नको, मी सांगतो, माझं काम आहे. शुक्रवार गेला, शनिवार उजाडला, त्याने सांगितलं नाही. पूर्वी त्याच्याशी बोलायची थांबली, पण त्या अकरा कॅसेटींमधली खरखर मात्र ती काढत राहिली. अकराही एक्याऐंशीतल्या होत्या, बुवा बुवा व्हायच्या आधीच्या. भजन सांगणारा गळा जुन्या बुवांचा. पण मागे वीस-बावीस माणसं धरतात, त्यात चोविशीतला गंगाधर असणारच. एखादा गळा वेगळा काढता आला, थोडा वर उचलता आला, तर काकींना सांगता येईल, हा बघा. दौलत त्याला चिकटला. बुडणाऱ्याच्या हाताला दुसरं काही लागतच नव्हतं.

पण बावीस माणसांतला गंगाधर कुठला, हे सांगणारं कोण उरलं होतं? अप्पा सावंत, मंडळाचे पखवाजी, ब्याऐंशी वर्षांचे. ते आता काळाचौकीला मुलाकडे असत. शनिवारी सकाळी दौलत त्यांना टॅक्सीत घालून घेऊन आला, खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावले.

अप्पांनी अकराही कॅसेटी थोड्या थोड्या ऐकल्या. मधून मधून बोटांनी मांडीवर ठेका धरत होते. एक-दोन नावं घेतली, हो मसूरकर, हो तो खालच्या मजल्यावरचो दळवी, हो खोकलता तो माझो बापूस. मग हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

“गंगाधर नाय हा ह्यात.”

दौलत म्हणाला, अप्पा, नीट ऐका, मागे बसला असेल.

“मागे नाय, पुढे नाय. अरे, तो तेव्हा बदलीवर होतो.” अप्पांनी घसा साफ केला. “शनवारी दुसऱ्या पाळीचे कायमवाले सगळे भजनाक बसायचे. मगे त्यांचे साचे कोण चालवतलो? बदलीवालो. ह्ये जे गातत ना, त्यांच्या जागेवर गंगाधर गिरणीत उभो हा. मी पण त्यातलोच. माझ्याच साच्यावर होतो तो.”

हे सांगून झाल्यावर अप्पांना काय सांगून बसलो ते कळलं असावं. त्यांनी विचारलं, कमळीक सांगितलंस? दौलतने नाही म्हणून मान हलवली. मग दोघांनी मिळून, फारसं न बोलता, जे ठरवायचं ते ठरवलं. सांगायचं नाही. लावायचं, आणि तिला वाटेल त्याला तिने गंगाधर म्हणावं.

पूर्वी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, “आणि उरलेल्या कॅसेटी मागितल्या तर?”

दौलतजवळ गोष्ट नव्हती. उडणाऱ्या पंख्याचा माणूस, रस्ता ओलांडून विणणाऱ्या धोट्याचा मुलगा, आणि त्या दिवशी त्याला एकही थाप सुचेना.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये साठएक माणसं आली. बदलापूरहून दोन गाड्या बदलून आलेली एक बाई होती, विरारहून दळव्यांचा धाकटा आला होता. बुवांच्या फोटोला हार, समोर समई. कमलकाकी पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, मांडीवर हात घेऊन. दौलतने स्पीकर लावले आणि उभा राहून म्हणाला की सगळ्या कॅसेटी अजून तयार नाहीत, सुरुवातीच्या तेवढ्या आणल्या आहेत. त्याचा आवाज सरळ आला, याचंच त्याला नवल वाटलं.

भजन सुरू झालं. त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा शनिवार त्या हॉलमध्ये येऊन बसला, झांजांसकट. पूर्वीने आवाज इतका स्वच्छ केला होता की कुणीतरी बिडी पेटवल्याची काडी ऐकू आली. माणसं डोळे पुसायला लागली, एकमेकांना हाताने खुणावायला लागली, हे आमचे बाबा, हे आमचे आजोबा. ज्याला त्याला ज्याचा त्याचा माणूस सापडत होता. अप्पा भिंतीकडे बघत बसले होते.

एक भजन संपलं तेव्हा बदलापूरची बाई पुढे वाकून म्हणाली, “कमलवहिनी, ह्यात आपले बुवा कुठले हो?”

दौलतचा हात स्पीकरच्या बटणावर होता. तो तिथेच राहिला.

काकींनी थोडं थांबून दुसरं भजन सुरू होऊ दिलं. मग बोट वर केलं. “हा. बारीक, वरचा. ओळ संपताना जरा रेंगाळतो ना, तो.” सगळे ऐकायला लागले. हो हो, म्हणाले, तोच, बुवाच, तेव्हापासून तसाच रेंगाळायचा. विरारचा दळवी तर म्हणाला की मला सांगितलं नसतंत तरी मी ओळखला असता. दहा दिवसांत पहिल्यांदा दौलतला वाटलं की आपण सुटलो.

जेवणं झाली. माणसं पाया पडून, पुन्हा भेटू म्हणून निघाली. अप्पांना त्यांचा मुलगा घेऊन गेला. पूर्वी वायरी गुंडाळत होती, सीमा उरलेली खीर डब्यात भरत होती. कमलकाकी दौलतजवळ आल्या. त्याने अकरा कॅसेटी घातलेला पेन ड्राइव्ह सकाळीच त्यांच्या हातात दिला होता. तो त्यांनी त्याच्यापुढे धरला.

“हे तू ठेव.”

“काकी, तुमच्यासाठीच...”

“बाकीचं गेलं ना?”

दौलतने त्यांच्याकडे बघितलं नाही. फरशीकडे बघत तो हो म्हणाला. ते हो इतकं बारीक निघालं की त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी परत विचारलं नाही.

“त्या वर्षी माझं नवीनच लग्न झालं होतं,” काकी म्हणाल्या. “शनिवारी दुसऱ्या पाळीला जायचे हे. डबा मीच भरून द्यायची. आणि मग गॅलरीत बसून ह्या लोकांचं भजन ऐकायची, हे येईपर्यंत.”

दौलत काहीतरी म्हणायला गेला. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

“माणसं किती लांबून आली होती, दौलत. त्यांना असं रिकामं कसं पाठवायचं.”

त्यांनी पेन ड्राइव्ह त्याच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं मिटवली, आणि पूर्वीला हाक मारली, चल गो, वडाळ्याची बस जाईल. दोघी गेल्या. शिपाई आत येऊन खुर्च्या मिटायला लागला. सगळ्या मिटून झाल्या तरी दौलत ज्या खुर्चीला धरून उभा होता ती राहिली, आणि शिपाई ती मागायला थोडा वेळ कचरत थांबला.